ज्वारी उपटतात, कापत नाहीत

नगरच्या सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकापासून भिस्तबागेपर्यंत फिरलात तर डीटीपीची आणि फ्लेक्सची दुकाने जागोजागी दिसतील. माझे त्यातलेच एक. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, वाढदिवसाचे फलक आणि वर्षाकाठी एखाददुसरे पुस्तक, हे आमचे काम. कोरल, फोटोशॉप आणि श्री-लिपी एवढ्यावर आमची एक पिढी निभावली. चित्र लागले की वाटा दोनच. एखाद्या चित्रकाराकडून काढून घ्यायचे, नाहीतर तयार चित्रांच्या सीडीतून उचलायचे. गिऱ्हाईकाच्या बजेटकडे पाहून बहुतेकदा दुसरीच वाट धरावी लागे. त्यामुळे आमच्याकडच्या शेतकरी मेळाव्याच्या पत्रकावर पंजाबी पगडीतला शेतकरी गव्हाच्या शेतात उभा असायचा आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. मला वाटायचे. जिरायती मुलखातल्या माणसाला स्वतःच्या कामाचे चित्र कुठे छापलेले दिसू नये, ही गोष्ट मला कायम खुपत आली.

म्हणून 2022 च्या ऑगस्टमध्ये शब्दांवरून चित्र काढणारे स्टेबल डिफ्यूजन सगळ्यांसाठी खुले झाले, तेव्हा मी कान टवकारले. म्युनिकच्या विद्यापीठातला संशोधकांचा गट, रनवे आणि स्टॅबिलिटी एआय या कंपन्या यांच्या कामातून तयार झालेले हे मॉडेल. त्याची साधारण चार जीबीची फाइल कोणीही उतरवून घ्यावी आणि आपल्याच संगणकावर चालवावी, अशी मुभा होती. त्याला बटणे, खिडक्या असे काही नव्हते. पायथनची एक स्क्रिप्ट होती आणि ती टर्मिनलमध्ये कमांड देऊन चालवायची. ग्राफिक्स कार्डावर किमान 10 जीबी मेमरी हवी, असे मूळ सूचनेत लिहिले होते. पुढे लोकांनी सुधारणा करत करत ती गरज निम्म्याच्या आसपास आणली, तेव्हा मी दुकानातल्या संगणकात कार्ड बसवून घेतले, उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि कामाला लागलो. नंतर ब्राउझरमधली बटणांची रूपे आली, महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या वेबसाइटही आल्या. मी टर्मिनलवरच राहिलो, आणि त्याला कारण आहे.

कमांड म्हणजे एक लांबलचक ओळ. आधी स्क्रिप्टचे नाव, मग प्रॉम्प्ट म्हणजे हव्या त्या चित्राचे शब्दांतले वर्णन, मग चित्राची रुंदी-उंची, पायऱ्यांची संख्या, स्केल आणि सीड. तुम्ही प्रॉम्प्टशिवाय काहीच सांगितले नाही, तर ती पहिली स्क्रिप्ट 512 बाय 512 चे चित्र, 50 पायऱ्या, 7.5 स्केल आणि 42 सीड धरून चालते. यातला सीड सगळ्यात महत्त्वाचा. मॉडेल कोऱ्या कागदावर चित्र काढत नाही. ते ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करते. जुन्या टीव्हीवर चॅनेल गेले की मुंग्या दिसायच्या, तसा हा गोंधळ. तो नेमका कसा असेल हे सीडच्या आकड्यावरून ठरते. मग एकेका पायरीला, प्रॉम्प्टमधल्या शब्दांच्या अनुरोधाने, त्यातला थोडा थोडा गोंधळ काढला जातो. हे काम पूर्ण चित्रावर होत नाही, 64 बाय 64 च्या दाबलेल्या आकड्यांवर होते, आणि शेवटी ते आकडे उलगडून चित्र तयार होते. म्हणून तर ते आमच्यासारख्यांच्या संगणकाला झेपते. स्केल म्हणजे शब्दांना किती घट्ट धरायचे. तो फार वाढवला की रंग भडकतात.

तेच मॉडेल, तीच ओळ आणि तोच सीड असला तर त्याच संगणकावर तेच चित्र पुन्हा मिळते. मी प्रत्येक कमांड, तारीख आणि कामाचे नाव एका साध्या टेक्स्ट फाइलीत उतरवतो. हे चित्र कुठून आले, असे कोणी विचारले तर ती ओळ दाखवता येते. एका फाइलीत ओळीला एक असे प्रॉम्प्ट लिहून रात्री स्क्रिप्ट लावून दुकान बंद करता येते. मध्येच लाइट गेली तर कुठवर काम झाले हे सकाळी नोंदीत दिसते आणि तिथून पुढे चालू करता येते. आणखी एक फायदा मला मोठा वाटतो. बटण पुन्हा दाबायला काहीच विचार लागत नाही. ओळ पुन्हा लिहायची तर आधीच्या ओळीत काय कमी पडले ते बघावे लागते. आपल्याला नक्की काय हवे आहे, हे शब्दांत मांडावे लागते, आणि तिथेच आपले अज्ञान उघडे पडते. मला हे कळले ते एका निवृत्त गुरुजींच्या पुस्तिकेमुळे.

गुरुजींनी प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी रब्बी ज्वारीवर पुस्तिका लिहिली होती. पेरणीपासून भाकरीपर्यंत. पानोपानी चित्र हवे होते आणि पैसे बेताचे होते. मी पहिल्या पानांचे प्रॉम्प्ट लिहिले. महाराष्ट्रातले गाव, ज्वारीचे शेत, काढणी करणाऱ्या बायका. सकाळी चित्रे तयार होती आणि दिसायला सुरेख होती. सोनेरी ऊन, दूरवर डोंगर. गुरुजी आले, चष्मा पुसला, एकेक चित्र नीट पाहिले.

"अहो, ही ज्वारी नाही."

मला वाटले, कणसाचा आकार चुकला असेल. पण त्यांचे बोट ताटावर होते. चित्रातले पीक कमरेएवढे होते, कणसे तांबूस होती आणि ओळी क्षितिजापर्यंत सरळ गेल्या होत्या. मी शोधत गेलो तेव्हा उलगडा झाला. इंग्रजीत ज्वारीचे जे नाव आहे त्या नावाचे बहुतेक फोटो अमेरिकेतल्या शेतांचे असतात. तिथे यंत्राने कापता यावी म्हणून बुटकी जात तयार केलेली आहे आणि तिचे दाणे पुष्कळदा तांबडे असतात. आमची मालदांडी माणसाच्या डोक्यावर जाते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला तिचा वाण आजही नगर-सोलापूरच्या रब्बीत पेरला जातो, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्यानंतर फुले वसुधा, फुले रेवती असे वाण दिले. मालदांडीचा दाणा मोत्यासारखा पांढरा आणि कडब्याला दाण्याइतकीच किंमत. यातले काहीच त्या चित्रात नव्हते.

"आणि हे बघा," गुरुजी म्हणाले, "हिच्या हातात विळा दिलाय तुम्ही. आपल्याकडं ज्वारी उपटतात, कापत नाहीत."

मी त्यांना म्हटले, "गुरुजी, कशी उपटतात ते नीट सांगा, मला लिहून घ्यायचंय." ते खुर्चीतून उठले आणि दुकानातच करून दाखवू लागले. कमरेत वाकायचे, ताट दोन्ही हातांनी बुडाशी धरायचे, पाय रोवून हिसका द्यायचा, मुळाची माती झटकायची आणि ताटे ओळीने आडवी टाकत पुढे जायचे. ती वाळली की कणसे खुडायची. कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. पेंढ्यांचे बुचाड रचायचे, पाऊस आला तरी आत पाणी जाऊ नये असे. हे सगळे मी एका बाजूला टिपून घेत होतो. दुकानात आलेली इतर गिऱ्हाइकेही ऐकत उभी राहिली होती.

मग सुरू झाले खरे काम. मॉडेलचा शब्द समजून घेणारा भाग म्हणजे ओपनएआयने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेला क्लिप. तो प्रॉम्प्टचे तुकडे पाडतो आणि एका वेळी 77 तुकडेच घेतो, त्यातलेही दोन सुरुवात आणि शेवट दाखवण्यात जातात. देवनागरीत लिहिले तर एकेका अक्षराचे अनेक तुकडे होतात, जागा भराभर संपते आणि अर्थ काहीच पोहोचत नाही. म्हणून लिहायचे इंग्रजीतच, तेही मोजके. 'काढणी' असे एका शब्दात सांगितले की हातात विळा येणारच. तो शब्द टाळून फक्त शरीराची ठेवण लिहायची. वाकलेली पाठ, दोन्ही हात जमिनीजवळ, डोक्याहून उंच ताटे, पांढरी कणसे. नऊवारी म्हटले तरी गुजराती पदर किंवा घागरा यायचा. कासोटा मागे खोचलेला आहे, हे सगळे वर्णन करून सांगावे लागले. फेटा म्हटले की राजस्थानी पगडी. खिल्लार बैल म्हटले की कुठलाही वशिंडाचा बैल, शिंगे मागे वळलेली नाहीत, अंगाचा डौल नाही. काही गोष्टी वर्णनाने जमल्या. पुष्कळ जमल्या नाहीत.

याचे कारण मॉडेलच्या शिक्षणात आहे. त्याला लायन नावाच्या संग्रहातल्या चित्रांवर शिकवले गेले. मूळ संग्रहात इंटरनेटवरून गोळा केलेल्या 5.85 अब्ज चित्र-मजकुरांच्या जोड्या आहेत, आणि पहिल्या स्टेबल डिफ्यूजनसाठी त्यातला इंग्रजी मजकुराचा भाग वापरला गेला. म्हणजे कर्जत-जामखेडच्या एखाद्या खळ्याचा फोटो कोणी इंटरनेटवर टाकला असेल आणि खाली मराठीत लिहिले असेल, तर तो त्या भागात आलाच नाही. कोणी काहीच लिहिले नसेल तर तो कुठल्याच भागात आला नाही. यंत्राने आमच्या मुलखाला वगळण्याचा निर्णय घेतला, असे मी म्हणणार नाही. आमचे जगणे लिहून ठेवलेल्या चित्रांत फार थोडे आहे, ही खरी गोष्ट आहे आणि ती यंत्राच्या आधीपासूनची आहे.

हंगाम आला तेव्हा गुरुजींबरोबर नगर तालुक्यातल्या त्यांच्या ओळखीच्या शेतावर गेलो. काढणी चालली होती. बायकांना विचारून फोटो काढले. त्यातल्या एकीने स्वच्छ सांगितले, "दादा, काम दिसू द्या, तोंड नको." ते मी कागदावर लिहून ठेवले. कमांडमध्ये प्रॉम्प्टबरोबर फोटोही देता येतो आणि त्यात किती फरक करायचा हे शून्य ते एक यांमधल्या आकड्याने सांगायचे असते. शून्य म्हणजे फोटो जसाच्या तसा, एक म्हणजे फोटोकडे दुर्लक्ष. 0.75 ला बाईच्या हातात पुन्हा विळा यायचा. 0.4 च्या जवळपास उपटण्याची ठेवण टिकली आणि चित्राला हाताने रंगवल्यासारखा पोत आला. पण तेवढ्या फरकात चेहराही ओळखू येण्याइतका टिकला होता. म्हणून चेहऱ्यापुरता भाग वेगळा काढून तो पूर्ण बदलून घेतला आणि जिचा फोटो होता तिला दाखवूनच चित्र पुस्तिकेत घेतले. तिने पाहिले, लुगड्याच्या काठाचा रंग सांगितला, तेवढा बदलला.

गुरुजींनी एक प्रश्न विचारला आणि तो योग्यच होता. "फोटोच काढायचाय तर हे यंत्र कशाला?" पुस्तिकेतली सगळी पाने एका धाटणीची दिसायला हवीत, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे की पुस्तिकेतली निम्मी कामे आता शेतात दिसतच नाहीत. मळणी यंत्र आले, खळी गेली. बैलांच्या पायाखाली कणसे तुडवून घेतलेली मळणी, माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे उडवणारी पोरे, तिफणीमागे चाड्यावर मूठ धरून चालणारी बाई, यांचा फोटो काढायला कुठे जाणार?

तिफणीपाशी यंत्राने हात टेकले. तीन फण, त्यांच्यातून वर येणारे नळे, वर एकत्र जोडलेले चाडे, त्यात मुठीतून सुटणारे बी. मी हे कितीही तऱ्हेने लिहिले तरी नांगर यायचा, गाडी यायची, कधी दोन्हींचे न सांगता येणारे मिश्रण यायचे. 2023 मध्ये कंट्रोलनेट नावाची जोड आली होती. तिच्यात आपण रेषांचे चित्र दिले की मॉडेल त्या रेषा धरून रंग भरते. पण रेषा तर कोणीतरी काढायला हव्यात. शहरातल्याच चित्रकलेच्या एका विद्यार्थ्याला बोलावले. गुरुजी सांगत गेले, तो पेन्सिलने काढत गेला, पुसत गेला. चाडे कुठल्या उंचीवर, मूठ कशी उघडते, बाईची नजर कुठे असते. दुपार गेली, पण तिफण कागदावर उभी राहिली.

ती स्कॅन करून मी मॉडेलकडून रंगवून घेतली. रंग छान आले. मग गुरुजींनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि पेन्सिलीचे चित्र उचलले. "यात फण मातीत गेलेत," म्हणाले. दुसऱ्यात ते मातीवर टेकलेले होते. छापील पुस्तिकेत तिफण, खळे आणि गोफण ही पाने त्या विद्यार्थ्याच्या हातची आहेत, त्याला त्याचे पैसे दिले आहेत आणि आतल्या पानावर त्याचे नाव आहे. शेत, आकाश, काढणीची पाने मॉडेलच्या मदतीने केलेली आहेत आणि तेही त्याच पानावर लिहिले आहे. माझ्या मते ही वाटणी योग्य झाली. चित्रकाराची गरज यंत्राने संपवली, असे म्हणणाऱ्याने तिफण काढायला सांगून बघावी.

शेतीचे हे, तर इमारतींचे वेगळेच. पर्यटनाच्या एका पत्रकासाठी चांदबिबी महालाचे चित्र हवे होते. नाव लिहून पाहिले तर कमानी, झरोके, छत्र्या असलेला राजस्थानी वाडा आला. आपल्याकडे लोक ज्याला चांदबिबी महाल म्हणतात ती शहराच्या पूर्वेला डोंगरावर उभी असलेली, निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. अष्टकोनी, तीन मजल्यांची, दगडी, जवळजवळ काहीच नक्षी नसलेली. तिचे देखणेपण त्या साधेपणात आणि आठ बाजूंच्या कमानींत आहे. मी फोटोवरच काम भागवले. खरी वास्तू गाडीने जाऊन पाहता येते, तिथे कल्पनेचे चित्र छापणे मला पटत नाही.

माणसांच्या बाबतीत मी याहून कडक आहे. 31 मे 2025 ला अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माची त्रिशताब्दी झाली. त्यांचे जन्मगाव चौंडी आमच्याच जिल्ह्यात, आणि 2024 पासून जिल्ह्यालाही त्यांचेच नाव आहे. त्या महिन्यात फ्लेक्ससाठी रांग लागली होती आणि 'एआयवर एकदम भारी फोटो बनवा' अशी मागणी वारंवार आली. मॉडेलला राणी म्हटले की ते दागिन्यांनी मढवलेली, तरुण, सिनेमातल्यासारखी बाई देते. पांढऱ्या लुगड्यातल्या, हातात शिवलिंग घेतलेल्या अहिल्यादेवी लोकांच्या मनात आहेत. त्यांच्या जागी असा चेहरा चौकाचौकात लावणे मी नाकारले. ज्यांना पटले त्यांना प्रचलित चित्र व्यवस्थित छापून दिले, ज्यांना पटले नाही ते दुसरीकडे गेले. मला त्याचे वाईट वाटत नाही.

निजामशाहीची राजकन्या चांदबिबी हिचेही तेच. घोड्यावर बसून हातावर ससाणा घेतलेली तिची जी चित्रे आज दिसतात, ती तिच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, बरीचशी अठराव्या शतकात काढलेली आहेत. ती कशी दिसत होती, हे कोणीच सांगू शकत नाही. आणि नगरला चित्रकला नव्हती असे तर मुळीच नाही. आफताबीने लिहिलेले 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे फारसी काव्य सोळाव्या शतकात इथेच सचित्र तयार झाले, आणि ते हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात राजाशेजारी त्याची बेगम खुंझा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, चितारलेली होती. पुढे कोणीतरी बहुतेक चित्रांतून तिला खरवडून, रंग फासून काढून टाकले. पुसलेल्या चेहऱ्याची जागा तिथे दिसते, आणि तीही इतिहास सांगते. यंत्राकडून तिथे एक सुंदर चेहरा भरून घेणे आज मिनिटाचे काम आहे. तसे करू नये, असे माझे ठाम मत आहे.

देवनागरी अक्षरांबद्दल थोडक्यात. मी वापरतो त्या मॉडेलला ती लिहिता येत नाहीत. शिरोरेषेखाली वेलांट्यांसारखे काहीतरी काढून ते अक्षरांचा भास निर्माण करते. त्यामुळे अक्षरे नेहमी आपणच, आपल्या फाँटमध्ये बसवायची. आजही फलक लावून झाल्यावर चित्रातल्या मागच्या दुकानाच्या पाटीवर असली अक्षरे दिसली की वाईट वाटते.

माझ्या व्यवसायातल्या मंडळींना सांगायचे ते एवढेच की चित्र छापायला जाण्याआधी ते काम हातांनी केलेल्या माणसाला दाखवा. चित्र यंत्राचे असेल तर तसे छापा. आणि वाचकांना एक विनंती आहे. घरातल्या पेटीत, भिंतीवर, मोबाइलमध्ये खळ्याचे, मोटेचे, तिफणीचे, बुचाडाचे, काढणीचे फोटो असतील तर त्यांच्या मागे किंवा खाली लिहून ठेवा. अवजाराचे नाव, गाव, साल आणि काय काम चालले आहे ते. घरच्यांची हरकत नसेल तर विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या ठिकाणी ते मराठी माहितीसह चढवा. नावे सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवर हे काम करून घ्या.